झोळी सैल बांध

अकोले

चि. बाळास,

काजव्यांच्या दिवसांत तू मित्रांना घेऊन भंडारदऱ्याला येतोयस आणि तंबू सोडून हॅमॉकमध्ये झोपणार आहेस, हे ताईकडून कळलं. आनंद झाला. आपल्या डोंगराळ डांगाणात सपाट, बिनखड्याची जागा मिळणं अवघड. दोन चांगली झाडं मात्र कुठल्याही बांधावर सापडतील.

जाळीचा हॅमॉक घेऊ नकोस, तो दुपारच्या डुलकीपुरता. पॅराशूटच्या कापडाचा, निदान 3 मीटर लांबीचा घे. आखूड असला की खांदे आवळतात. सोबत बारीक दोरी मिळाली तर ती वापरू नकोस. अंगाचा भार पडला की ती सालीत रुतते, आणि झाडाचा अन्नरस सालीच्या आतूनच वाहतो. एक-दोन इंच रुंदीचे पॉलिएस्टरचे पट्टे घे. नायलॉनचे भिजले की लांबतात, आणि पहाटे पाठ जमिनीला टेकते.

खरी गोम बांधण्यात आहे. नवखी पोरं हॅमॉक खाटेसारखा ताठ ओढतात. तू पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करील इतका सैल सोड. तुझं वजन 70 किलो धरलं, तर 30 अंशांवर दोन्ही पट्ट्यांवर 70-70 किलोंचा ताण येतो; 10 अंशांवर तोच प्रत्येकी 200 किलोंवर जातो. एवढा ताण पट्टा, शिवण आणि झाड कशाला सोसतील? भातलावणीच्या वेळी बाया लुगड्याची झोळी बांधून लेकरू निजवतात, ती किती खोल असते ते आठव. बसायची जागा जमिनीपासून गुडघ्याएवढीच उंच ठेव. झोपताना जरा तिरका हो, म्हणजे पाठ सरळ राहील.

झाड जिवंत आणि मांडीहून जाड हवं. आंबा, जांभूळ उत्तम. शेवगा, पांगारा नको. बांधण्याआधी मान वर करून वाळकी फांदी आणि आग्यामोहोळ नीट बघ.

धरणावरून वारा सुटला की पाठीला खालून गारठा लागतो. अंगाखाली दबलेलं पांघरूण ऊब धरत नाही, म्हणून फोमची चटई किंवा घोंगडी आत अंथर. खालून कापडातून चावणारे डासही त्यामुळे अडतात.

हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर काजवे जमतात. त्यांना पट्टे लावू नकोस. काजव्यांचे नर मादीला खूण म्हणून लुकलुकतात. तुमच्या बॅटरीच्या झोतात ती खूण हरवते. हे मला फार लागतं, म्हणून मित्रांनाही बजाव. कळसूबाई-हरिश्चंद्रगडचा हा परिसर 1986 पासून अभयारण्य आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय जंगलात मुक्काम नको; गावातल्या कुणाच्या तरी शेतात, मालकाला विचारून थांबा.

त्या दिवसांत वळीव कधीही येतो. हॅमॉकवर ताणलेली ताडपत्री पावसाला पुरेल, विजेला नाही. पहिला गडगडाट ऐकलात की सामान तिथेच सोडा आणि सगळे शेतमालकाच्या घरात जा. हे त्याच्याशी संध्याकाळीच बोलून ठेव.

तुझा
मामा