जुना ट्रक : किंमत नव्हे, खेपेचा हिशोब पाहा

उसाचा हंगाम जवळ आला की आपल्या भागात जुन्या ट्रकची खरेदी-विक्री जोर धरते. हट्टा, वसमत, परभणी या पट्ट्यात ऊस, हळद, कापूस, सोयाबीन असा जड माल भरपूर. हंगामात गाड्या कमी पडतात. म्हणून ज्याच्याजवळ धंद्यातून उरलेले चार पैसे आहेत त्याला वाटते की एखादी जुनी गाडी घ्यावी आणि भाड्याला लावावी. नवी गाडी म्हणजे लाखोंचे कर्ज आणि कर्ज म्हणजे व्याज. आपल्यापैकी पुष्कळजण त्या वाटेला जात नाहीत. जुनी गाडी रोखीत बसते. विचार वाईट नाही. पण जुन्या ट्रकची किंमत ही खर्चाची फक्त सुरुवात असते, आणि नेमका इथेच हिशोब चुकतो. घरातले दागिने किंवा प्लॉट विकून घेतलेली गाडी पहिल्याच हंगामात गॅरेजच्या दारात उभी राहिलेली आम्ही एकापेक्षा जास्त वेळा पाहिली आहे.

आम्ही कापडवाले. शिक्षण उर्दू शाळेत झाले, इंजिनियरिंग आम्ही शिकलो नाही. परंतु भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीचा माल वर्षानुवर्षे ट्रकनेच आमच्या दुकानी येतो. कोणती गाडी कोणत्या कामाला चालते आणि कोणत्या कामात मालकाला बुडवते, हे बिल्टीच्या बाजूने आम्हाला दिसते आणि गाडीच्या बाजूने मिस्त्री लोक समजावतात. दोन्ही मिळून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

नंबरातच अर्धी माहिती

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांमध्ये टाटांच्या गाड्या जास्त दिसतात. टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. हा करार १९६९ पर्यंत चालला. जुन्या लोकांच्या तोंडी ‘मर्सिडीज’ हे ट्रकचे नाव ऐकू येते ते यामुळेच. टेल्कोचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले. दुसरी मोठी कंपनी अशोक लेलँड. ती १९४८ साली अशोक मोटर्स म्हणून मद्रासेत सुरू झाली आणि १९५५ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

गाडीवरचा नंबर वाचायला शिकावे. १२१० मध्ये पहिले दोन अंक म्हणजे मालासकट गाडीचे एकूण वजन, सुमारे १२ टन. पुढच्या दोन अंकांना दहाने गुणले की ताकद कळते, सुमारे १०० अश्वशक्ती. त्याच हिशोबाने १६१३ म्हणजे १६ टन आणि सुमारे १३० अश्वशक्ती.

इंजिनाच्या नावाचेही तसेच आहे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा बोअर ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि बोअर ९७ मिलिमीटर. पहिल्याचे आकारमान सुमारे पावणेपाच लिटर, दुसऱ्याचे सुमारे ५.७ लिटर. पुढे १९९३ मध्ये टाटा आणि अमेरिकेच्या कमिन्स कंपनीने जमशेदपूरला भागीदारीत कारखाना काढला. त्यानंतर टाटांच्या गाड्यांत कमिन्सचे सहा सिलिंडरचे इंजिनही येऊ लागले. विकणारा नुसते ‘इंजिन चांगले आहे’ म्हणतो तेव्हा आपण विचारावे, कोणते? ६९२, ६९७ की कमिन्स? सुटे भाग आणि दुरुस्तीचा खर्च त्यावर ठरतो.

हे इंजिन इतके टिकते कसे?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखवले. तत्त्व सोपे आहे. या इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला सोळा-सतरा पट दाबतो. दाबलेली हवा इतकी तापते की नोझलमधून डिझेलचा फवारा आत येताच पेट घेतो. विहिरीवरचे किंवा पिठाच्या गिरणीचे ऑइल इंजिन ज्याने पाहिले आहे त्याला ही गोष्ट नवी नाही.

जुन्या ट्रकमध्ये डिझेल मोजून देण्याचे सगळे काम पंप करतो. हा पंप लोखंडी आहे. त्यात प्लंजर आहेत, गव्हर्नर आहे, वायर नाही. हवा धरली तर फीड पंपाचे बटण हाताने मारून ती काढता येते. टॅपेट पान्याने बसवता येतात. लायनर घासले तर बदलता येतात. क्रँक घासली तर ती ग्राइंड करून मोठ्या साइझचे बेअरिंग घालता येते. मिस्त्री ज्याला दहा, वीस, तीस म्हणतात ते हेच साइझ, म्हणजे इंचाचे हजारांश. थोडक्यात, हे इंजिन तालुक्याच्या गावात उघडून पुन्हा उभे करता येते.

नव्या गाड्यांचे तसे नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ ही पायरी लागू झाली. या इंजिनांत संगणक, सेन्सर आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा असते. त्या डिझेल कमी पितात, धूरही कमी काढतात, पण बिघडल्या की लॅपटॉपवाला कारागीर लागतो. जुन्या गाडीचे बळ हे की ती घराजवळ दुरुस्त होते. हे बळ घरापासून दूर उपयोगी पडत नाही. पुढचा सगळा हिशोब या एका वाक्यावर उभा आहे.

जवळची खेप आणि लांबची खेप

आता आकडे मांडू. हे उदाहरणादाखल आहेत, आपापल्या गाडीचे आकडे घालून पुन्हा करावेत. समजा जुनी गाडी लिटरला ४ किलोमीटर देते आणि नव्या पिढीची साडेपाच. डिझेल ९० रुपये धरू.

जवळची खेप : शेतातून कारखान्यापर्यंत जाऊन-येऊन ४० किलोमीटर. जुनीला १० लिटर लागले, नवीला सव्वासात. फरक सुमारे २४५ रुपयांचा. हंगामात अशा १५० खेपा झाल्या तर जादा डिझेल सुमारे ३७ हजारांचे. नव्या गाडीत गुंतणाऱ्या लाखोंच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. शिवाय कारखान्याच्या आवारात गाडी तासन्‌तास रांगेत उभी असते. उभ्या गाडीत जितके कमी भांडवल अडकलेले, तितके बरे.

लांबची खेप : येथून भिवंडीला जाऊन-येऊन १,००० किलोमीटर धरू. जुनीला २५० लिटर, नवीला १८२. फरक एका खेपेत सहा हजारांच्या वर. महिन्याला चार खेपा केल्या तर साडेचोवीस हजार आणि वर्षाला जवळजवळ तीन लाख. म्हणजे स्वस्तात घेतलेल्या गाडीची बचत डिझेलच्या नळीतून दरवर्षी बाहेर जाते.

यात मालाच्या वेळेचा हिशोब अजून धरलेला नाही. कल्याणहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ माळशेज घाट चढून अहिल्यानगर, पाथरी, परभणीवरून आपल्याकडे येतो. एका रमजानमध्ये एका ट्रान्सपोर्टवाल्याने आमच्या गाठी जुन्या गाडीत जादा माल भरून पाठवल्या. घाटात हेड गॅस्केट गेले. माल चार दिवस उशिरा पोचला. ईदचे कापड ईदनंतर आले तर त्याला गिऱ्हाईक नसते, हे कापडवाल्याला समजावून सांगायला नको. भाड्यात वाचलेले पैसे आणि अडकलेला माल यांची तुलनाच होत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जवळची, हंगामी, सावकाश चालणारी वाहतूक हे जुन्या ट्रकचे घर आहे. ऊस कारखान्यावर, हळद वसमतच्या बाजारात, कापूस जिनिंगवर, विटा आणि मुरूम बांधकामावर. लांबच्या आणि वेळेच्या मालासाठी जुनी गाडी घेऊ नये आणि आपला माल तीत देऊही नये.

इंजिनाला वय मारत नाही, ओझे मारते

१६ टनांच्या गाडीला १३० अश्वशक्ती म्हणजे टनामागे आठ. त्याच गाडीवर एकूण वजन २४ टन केले तर टनामागे साडेपाचच उरतात. गाडी चढावर दम टाकते. मग मालक मिस्त्रीला सांगतो, ‘पंप वाढवा.’ मिस्त्री स्क्रू फिरवतो, डिझेल जास्त जाते, गाडी ओढू लागते. परंतु जादा डिझेल जाळायला हवा तेवढीच असते. न जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते, आतली उष्णता वाढते, तेल पातळ होते, आणि पिस्टन, हेड व बेअरिंग यांचे आयुष्य आटते. ब्रेक तर वाढवलेलेच नसतात. उतारावर ड्रम तापले की ड्रायव्हर, क्लीनर आणि रस्त्यावरचा परका माणूस, तिघांचाही जीव त्या जादा आठ टनांवर टांगलेला असतो.

कायद्याचा भागही लक्षात ठेवावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा आहे. २०१८ मध्ये सरकारने वजनाच्या मर्यादा वाढवल्या हे खरे. पण त्या ऐकीव आकड्यावर माल भरू नये. आपल्या आरसी बुकात जे वजन लिहिले आहे तेच आपले. कापसाची दाबलेली गाठ १७० किलोची. ५५ गाठी म्हणजे साडेनऊ टनांच्या आसपास. असा हिशोब भरण्याआधी कागदावर करावा आणि काटा पावती जपून ठेवावी.

घेताना काय पाहावे

रंग आणि नवे बॉडीकाम पाहून गाडी घेणारा फसतो. पुढील गोष्टी स्वतः, ओळखीचा मिस्त्री सोबत नेऊन पाहाव्यात.

१. गाडी सकाळी, थंड असताना सुरू करून पाहावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड इंजिन फार वेळ सेल्फ मारल्यावरच घेत असेल तर दाब कमी झाला आहे.

२. धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जाते आहे.

३. चालू इंजिनाच्या ब्रीदरमधून जोराने वाफ-धूर येत असेल तर रिंगा आणि लायनर गेले असे समजावे.

४. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच काढावे आणि मग गाडी सुरू करावी. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल तर हेड किंवा गॅस्केटमध्ये दोष आहे.

५. ऑइलचा दाब गरम इंजिनावर, मंद चालीत पाहावा. थंड इंजिनावर तो सर्वांचाच चांगला दिसतो. दाब टिकावा म्हणून जाड ऑइल घालण्याची युक्तीही चालते.

६. चाचणीत गाडी फार जोरात ओढते आणि मागे काळा पडदा सोडते, तर खूश होऊ नये. पंप वाढवलेला असतो.

७. चासीवर वेल्डिंगचे डाग, पाट्यांची तुटलेली पाने आणि स्टेअरिंगचा ढिलेपणा पाहावा. तुटून जोडलेली चासी जादा ओझ्याचा इतिहास सांगते.

८. इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावेत. कर, विमा, पीयूसी, थकलेली चलने आणि फायनान्सचा बोजा आरटीओत तपासावा.

कागद आणि पुंजी

मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांचे मिळते, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. पंधरा वर्षांवरील जड मालवाहू गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटची फी १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये झाली. चालू दर आरटीओत विचारूनच सौदा करावा. गाडी फिटनेसमध्ये नापास झाली तर ती भंगाराच्याच भावाची राहू शकते. म्हणून फिटनेसची तारीख संपत आलेली गाडी ‘स्वस्त’ मिळते तेव्हा ती का स्वस्त आहे ते विचारावे.

शेवटची गोष्ट पुंजीची. जवळ जेवढे पैसे आहेत तेवढ्याची गाडी कधीच घेऊ नये. निदान तिसरा हिस्सा बाजूला राहू द्यावा. पहिल्या वर्षात टायर, क्लच, पंप किंवा हाफ इंजिनाचे काम यांपैकी काही ना काही निघतेच. तो हिस्सा हाताशी नसला की माणूस उधारीवर काम करतो, उधारी फेडायला जादा माल भरतो आणि जादा माल पुन्हा इंजिन खातो. दोघे-तिघे मिळून गाडी घेत असाल तर दुरुस्तीत कोणाचा किती वाटा, हे नफ्याच्या वाट्याइतकेच स्पष्ट लिहून ठेवावे.

खेपेगणिक एक वही ठेवावी. किलोमीटर, डिझेल, काट्याचे वजन, भाडे, दुरुस्ती, अशी पाच घरे पुरेत. ऑइल कमी होऊ लागले किंवा ॲव्हरेज घसरले तर वही महिनाभर आधी सांगते. ड्रायव्हरची मजुरी वेळेवर द्यावी आणि ‘आज ब्रेक ठीक वाटत नाही’ असे तो म्हणाला तर त्या दिवशी गाडी काढू नये. एका खेपेचे भाडे बुडेल. ते पुढच्या खेपेत भरून निघते.