समान काय, ते आधी पाहावे

चि. बाळ यास,


तुझे पत्र पावले. अंतर, वेग आणि वेळ यांची सूत्रे मुखोद्गत असूनही उदाहरण पुढे येताच कशाने कशास भागावे हे उमगत नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. कारण सूत्र निर्णयानंतर कामास येते आणि निर्णय मात्र आपणच करावयाचा असतो. म्हणून पेन्सिल उचलण्यापूर्वी, दोन्ही प्रवासांत समान काय आहे, एवढे पाहावे.

120 कि.मी.वरील गावी मोटार ताशी 40 कि.मी. वेगाने गेली व ताशी 60 ने परतली, तर सरासरी वेग 50 असे पुष्कळ मुले लिहितात. परंतु येथे अंतर समान आहे, वेळ नव्हे. जाण्यास 3 तास व येण्यास 2 लागले, मंद गतीच्या वाट्यास अधिक काळ आला, म्हणून 240 कि.मी.स 5 तासांनी भागून 48 च येतात.

आगगाडीच्या उदाहरणात वाक्य सावकाश वाचावे. 150 मीटर लांबीची गाडी ताशी 72 कि.मी., म्हणजे सेकंदास 20 मीटर वेगाने, 250 मीटरचा फलाट ओलांडते, तेव्हा एंजिन फलाटाबाहेर पडले तरी गार्डाचा डबा अजून मागेच असतो. तो बाहेर पडेपर्यंत 400 मीटर अंतर होते आणि 20 सेकंद लागतात.

या विषयाचे मला सर्वांत प्रिय उदाहरण भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त आहे. 9 हात उंच खांबावर मोर बसला असून, खांबाच्या बुंध्याशी असलेल्या आपल्या बिळाकडे येणारा साप त्यास 27 हातांवर दिसतो. मोर तिरकस झेप घेतो आणि दोघांची गती सारखी असते. वेग किती, वेळ किती, याचा उल्लेखही नाही! तथापि वेळ व गती दोन्ही समान, तेव्हा अंतरेही समान, एवढ्यावरून काटकोन त्रिकोण उभा राहतो: बिळापासून 12 हातांवर भेट, आणि दोघांची चाल 15 हात. ताळा पाहा: 9 व 12 यांच्या वर्गांची बेरीज 225.

आता खांब 8 हात व साप 16 हातांवर धरून तू हेच उदाहरण सोडव, आणि रीत सविस्तर मांडून उलट टपाली पाठव. नुसते उत्तर नको.

तुझा
मामा