श्रमसंघ : पोलंडमधील एका पक्ष-एकीकरणाचा अभ्यास

पोलंडमध्ये १९९२ साली 'युनिया प्रात्सी' या नावाचा एक सामाजिक लोकशाहीवादी पक्ष स्थापन झाला. या नावाचा शब्दशः अर्थ 'श्रमाचा संघ' असा होतो. तथापि ही कामगार संघटना नसून निवडणुका लढविणारा राजकीय पक्ष होता, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. पक्ष आकाराने लहान होता आणि त्याचे स्वतंत्र सामर्थ्य फार काळ टिकले नाही. असे असूनही त्याचा इतिहास अभ्यसनीय आहे. ज्यांनी जुन्या राजवटीत तुरुंगवास व भूमिगत जीवन भोगले अशी माणसे आणि जी त्याच राजवटीच्या सत्ताधारी पक्षात होती अशी माणसे या पक्षात स्वेच्छेने एकत्र आली. भूतकाळ बाजूला ठेवून केवळ वर्तमानातील प्रश्नांच्या आधारे पक्ष उभारता येतो काय, या प्रश्नाची ती एक कसोटीच होती.

पूर्वपीठिका

पोलंडच्या डाव्या चळवळीला एकीकरणाचे दोन अनुभव पूर्वीच आले होते. पहिला १९१९ सालचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतल्यामुळे तेथील समाजवादी पक्षही तीन निरनिराळ्या राजवटींखाली वाढले होते. देश १९१८ साली स्वतंत्र झाल्यावर, एप्रिल १९१९ मध्ये, क्राकूव येथे हे तीन प्रवाह मिळून एकच पोलिश समाजवादी पक्ष झाला. भूमी एक झाली आणि तिच्यामागोमाग पक्षही एक झाला.

दुसरा अनुभव याच्या अगदी उलट होता. डिसेंबर १९४८ मध्ये वॉर्सा येथे भरलेल्या अधिवेशनात समाजवादी पक्ष व कम्युनिस्टांचा पोलिश कामगार पक्ष यांचे विलीनीकरण होऊन पोलिश संयुक्त कामगार पक्ष अस्तित्वात आला. या विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या हजारो समाजवाद्यांना त्यापूर्वीच पक्षातून काढून टाकण्यात आले होते. नाव एकीकरणाचे असले, तरी वस्तुतः एका पक्षाने दुसऱ्याला गिळून टाकले होते. पुढील चार दशके स्वतंत्र सामाजिक लोकशाहीला देशात कायदेशीर स्थान उरले नाही. त्यामुळे १९८९ नंतर जेव्हा पुन्हा डाव्या गटांच्या एकजुटीची भाषा होऊ लागली, तेव्हा अनेकांना १९४८ ची आठवण होणे स्वाभाविक होते.

दोन प्रवाहांचा संगम

जून १९८९ च्या निवडणुकीत 'सॉलिडॅरिटी'ला मोठा विजय मिळाला व त्याच वर्षी तिच्या नेतृत्वाखाली शासन स्थापन झाले. अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांनी १ जानेवारी १९९० पासून जी आर्थिक योजना अमलात आणली, तिच्यामुळे बहुतेक किमतींवरील नियंत्रणे उठली, सरकारी अनुदाने घटली आणि सरकारी उद्योगांतील वेतनवाढीवर जबर कर बसला. अनावर झालेली महागाई क्रमाने आटोक्यात आली आणि रिकामी दुकाने मालाने भरली, हे खरे. परंतु ज्या देशाला उघड बेकारी जवळजवळ अपरिचित होती, तेथे १९९० च्या अखेरीस अकरा लाखांहून अधिक लोक बेकार होते. १९९३ च्या अखेरीस तर बेकारीचे प्रमाण १६ टक्क्यांच्या वर गेले. ज्या मोठ्या कारखान्यांतील कामगारांनी १९८० साली संप करून सॉलिडॅरिटीला जन्म दिला होता, त्यांच्यापैकी अनेकांचेच कारखाने आता बंद पडण्याच्या वाटेवर होते.

या परिस्थितीत सॉलिडॅरिटीच्या अंतर्गतच एक डावा प्रवाह निर्माण झाला. अर्थतज्ज्ञ रिशार्ड बुगाय हे त्याचे प्रमुख प्रवक्ते होते. बाजारपेठेची आवश्यकता त्यांना मान्य होती. परंतु सुधारणांचा सारा भार वेतनदारांवर पडावा हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्यासमवेत इतिहासकार कारोल मोद्झेलेव्स्की होते. सत्ताधारी पक्षावर डाव्या भूमिकेतून टीका करणारे अनावृत पत्र यात्सेक कुरोन यांच्याबरोबर १९६५ साली लिहिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला होता. १९८० साली नव्या संघटनेला 'सॉलिडॅरिटी' हे नाव सुचविणारेही तेच. या मंडळींनी १९९० साली 'श्रमिक सॉलिडॅरिटी' हा गट स्थापन केला.

दुसरा गट झ्बिग्न्येव बुयाक यांचा. वॉर्साजवळील उर्सुस ट्रॅक्टर कारखान्यातील हा कामगार १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा जारी झाल्यावर भूमिगत झाला आणि मे १९८६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागला नाही. त्यांच्या पक्षाचे नाव 'लोकशाहीवादी सामाजिक चळवळ' असे होते. १९९१ च्या निवडणुकीत सेयममध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, पहिल्या गटाला ४ व दुसऱ्याला १ एवढ्याच जागा मिळाल्या. अल्पबळ गटांना एकत्र येण्यावाचून तरणोपाय नव्हता.

जून १९९२ मध्ये हे दोन गट एकत्र येऊन युनिया प्रात्सीची स्थापना झाली आणि बुगाय तिचे अध्यक्ष झाले. त्यांच्याबरोबर पूर्वीच्या सत्ताधारी पक्षातील काही सुधारणावादी, विशेषतः पोझ्नान भागातील मंडळी, या पक्षात आली. जानेवारी १९९० मध्ये जुना पक्ष विसर्जित झाला, तेव्हा त्याच्या मुख्य वारसदार पक्षात न जाता या मंडळींनी वेगळी वाट धरली होती. पुढे पक्षाचे अध्यक्ष झालेले मारेक पोल हे त्यांच्यापैकीच. जुन्या पक्षाची मालमत्ता व यंत्रणा यांवर त्यांनी हक्क सांगितला नव्हता, ही गोष्ट सॉलिडॅरिटीतील सहकाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची होती.

कार्यक्रम आणि यश

पक्षाला एकत्र ठेवणारी सूत्रे मुख्यतः दोन होती. पहिले आर्थिक : रोजगाराचे रक्षण, खाजगीकरणात सावधगिरी आणि सार्वजनिक आरोग्य व शिक्षण यांची जपणूक. दुसरे सूत्र शासन व धर्मसंस्था यांच्या अलगतेचे. गर्भपातावर कडक निर्बंध घालणारा कायदा विचाराधीन असताना त्यावर जनमत घ्यावे, या मागणीसाठी १९९२ साली बुयाक यांच्या पुढाकाराने समित्या स्थापन झाल्या व दहा लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या. संसदेने ही मागणी मान्य केली नाही आणि जानेवारी १९९३ मध्ये कायदा संमत झाला. परंतु नवा पक्ष खेड्यापाड्यांतील व शहरांतील सामान्य नागरिकांपर्यंत पोहोचला तो प्रामुख्याने या मोहिमेमुळे.

१९ सप्टेंबर १९९३ च्या निवडणुकीत त्याला ७.२८ टक्के मते व सेयमच्या ४६० पैकी ४१ जागा मिळाल्या. जुन्या राजवटीच्या वारसांनी बनविलेली डावी लोकशाही आघाडी (१७१ जागा) व शेतकरी पक्ष (१३२ जागा) यांनी शासन बनविले. युनिया प्रात्सी अधिकृतपणे या शासनात सामील झाली नाही; मात्र मारेक पोल यांनी १९९५ पर्यंत उद्योगमंत्री म्हणून काम केले. पक्षाचे ज्येष्ठ नेते अलेक्सांदर मावाखोव्स्की सेयमचे उपसभापती झाले. १९९७ च्या नव्या राज्यघटनेला पाठिंबा देणाऱ्या पक्षांतही युनिया प्रात्सीचा समावेश होता.

ऱ्हासाची कारणे

या यशानंतर अवघ्या चार वर्षांनी पक्षाला ४.७४ टक्के मते मिळाली. संसदेत प्रवेश मिळण्यासाठी किमान ५ टक्के मते आवश्यक होती. सहा लाखांहून अधिक मतदारांचा पाठिंबा असूनही एकही जागा हाती आली नाही.

या पराभवाचे कारण केवळ संघटनेच्या दुबळेपणात शोधणे पुरेसे होणार नाही. त्या दशकात पोलिश मतदार वेतन वा बेकारी यांपेक्षा एका जुन्या प्रश्नावर अधिक विभागलेला होता : १९८९ पूर्वी कोण कोणत्या बाजूला होते? १९९५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत लेख वावेन्सा व अलेक्सांदर क्वाश्न्येव्स्की यांच्या लढतीने ही दरी अधिकच रुंद केली. १९९६ साली सॉलिडॅरिटीच्या वारशावर हक्क सांगणारे उजवे गट एका आघाडीत एकवटताच, त्यांना भिणारा डावा मतदार बलाढ्य डाव्या लोकशाही आघाडीकडे वळला. युनिया प्रात्सी दोन्ही तटांच्या मधोमध उभी होती. ज्या मिश्र घडणीमुळे तिला नैतिक प्रतिष्ठा लाभली, तीच मतपेटीसमोर तिची अडचण ठरली.

पराभवानंतर बुगाय यांनी अध्यक्षपद सोडले आणि पुढे पक्षही सोडला. पोल यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने २००१ ची निवडणूक डाव्या लोकशाही आघाडीबरोबर लढविली. संयुक्त यादीला ४१.०४ टक्के मते व २१६ जागा मिळाल्या. त्यांतील १६ युनिया प्रात्सीच्या होत्या. पोल उपपंतप्रधान व पायाभूत सुविधा खात्याचे मंत्री झाले. परंतु रस्तेबांधणीसाठी वाहनधारकांवर नवे शुल्क बसविण्याच्या त्यांच्या योजनेला तीव्र विरोध होऊन ती बारगळली. शासनाची लोकप्रियता ओसरली, तसा तिच्यात सहभागी असलेला लहान पक्षही झिजत गेला. २०१५ साली ज्या संयुक्त डाव्या आघाडीत तो होता, तिला ७.५५ टक्के मते मिळाली. आघाड्यांसाठी ८ टक्क्यांची अट असल्याने तिला सेयममध्ये एकही जागा मिळाली नाही.

एकीकरणाची वाट मात्र तेथे संपली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये डाव्या लोकशाही आघाडीचा वारसा सांगणारा पक्ष व २०१९ साली स्थापन झालेला 'व्ह्योस्ना' (वसंत) हा तरुण पक्ष एकत्र येऊन 'नवी डावी' हा पक्ष साकार झाला. दोन्ही घटकांना स्थान मिळावे म्हणून त्याने दोन सहाध्यक्षांची पद्धत स्वीकारली. तोपर्यंत १९८९ पूर्वीच्या राजवटीची प्रत्यक्ष आठवण नसलेली एक पिढी मतदार झाली होती.

निष्कर्ष

१९४८ च्या एकीकरणात दुर्बलाला निवडीचे स्वातंत्र्य नव्हते. १९९२ च्या एकीकरणात ते सर्वांना होते आणि कोणालाही आपला भूतकाळ नाकारावा लागला नाही. २००१ साली युनिया प्रात्सीने सत्तेच्या मोबदल्यात स्वतःची वेगळी यादी सोडली. तिचे नाव राहिले, परंतु तिच्या मतदाराला तिची निवड स्वतंत्रपणे करण्याची सोय उरली नाही. पक्षांचे एकत्र येणे नेत्यांच्या संमतीने घडते. ते टिकते मात्र मतदारांच्या संमतीने. बुगाय, बुयाक व पोल एका मेजाभोवती बसू शकले. त्यांच्या मागे असलेल्या समाजाला तसे बसण्यासाठी अधिक काळ हवा होता, आणि तो काळ या लहान पक्षाला मिळाला नाही.