आपणच आपला पंच

सुटीच्या दिवसांत मुले चोर-शिपाई खेळू लागली, की थोड्याच वेळात एक भांडण ठरलेले असते. "तुला गोळी लागली, तू मेलास!" असे एक मुलगा ओरडतो, आणि "छट्! मुळीच लागली नाही," असे दुसरा तितक्याच जोराने सांगतो. बंदूक असते बोटांची आणि गोळी असते नुसत्या आवाजाची! ती लागली की नाही, हे ठरवावे कोणी? वाद वाढतो, कोणी रुसून घरी जातो आणि रंगात आलेला खेळ मोडतो. हा प्रश्न दिसावयास लहान आहे. पण परदेशांतील एका खेळाला तो फार मोठा वाटला आणि त्या खेळाने त्याचे उत्तरही शोधून काढले.

ह्या खेळाला 'लार्प' असे म्हणतात. लार्प म्हणजे सोंग घेऊन, प्रत्यक्ष कृती करून खेळावयाची कथा. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ निघाला. त्यात मंडळी मेजाभोवती बसत आणि "मी गुहेत शिरतो", "मी तलवार उपसतो", असे केवळ तोंडाने सांगत. काही तरुणांना वाटले, की गुहेत शिरतो असे नुसते सांगण्यापेक्षा खरोखरच का शिरू नये? १९७७ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराच्या परिसरात 'डॅगोर्हिर' ह्या नावाने लुटुपुटीच्या लढाया सुरू झाल्या. १९८२ साली इंग्लंडमध्ये पेकफर्टन येथील किल्ल्यात 'ट्रेझर ट्रॅप' हा खेळ मांडण्यात आला. पुढे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड ह्या देशांत लार्प चांगलाच रुजला. डेन्मार्कमधील होब्रो गावी तर २००६ साली अशी एक निवासी शाळा निघाली, की जेथे भूमिका घेऊन खेळता खेळता इतिहास-गणितादी विषय शिकविले जातात.

ह्या खेळात प्रेक्षक नसतात आणि पाठ केलेले संवादही नसतात. एखाद्या रानात खेळणारे जमतात. कोणी सरदार होतो, कोणी वैद्य, कोणी वाटसरू, तर कोणी राक्षस. कथेचा आरंभ सर्वांना ठाऊक असतो; शेवट मात्र ज्याच्या त्याच्या करणीवर अवलंबून राहतो. तलवारी लांबून पोलादी दिसतात, पण त्या असतात एका हलक्या दांड्यावर मऊ फोमचे जाड थर चढवून केलेल्या. बाणांच्या टोकांनाही फोमची रुंद बोंडे बसविलेली असतात. खेळापूर्वी जाणती माणसे प्रत्येक शस्त्र हातांनी दाबून पाहतात. वार हात आवरूनच करावयाचा आणि डोक्यावर तर करावयाचाच नाही, असा बहुतेक ठिकाणी दंडक असतो.

आता मूळ प्रश्न असा, की वार लागला हे ठरवावयाचे कोणी? झाडीत एकाच वेळी चाळीस-पन्नास जण झुंजत असता पंच कोठे कोठे पाहणार? शिवाय वार इतका हलका असतो, की तो कपड्याला घासून गेला की अंगाला लागला, हे मारणाऱ्यालाही नीट कळत नाही. ते कळते फक्त एकाला. ज्याला तो लागला त्याला. म्हणून ह्या खेळाचा नियमच असा आहे, की ज्याला वार लागला त्यानेच तो कबूल करावयाचा. तेथे प्रत्येक गडी हा स्वतःचा पंच असतो.

डेन्मार्कमधील अशा एका खेळाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. बीच वृक्षांच्या दाट वनातून बारा वर्षांचा एक मुलगा आपल्या पक्षाचे निशाण घेऊन धावत आहे. ओढ्यावरचा पूल आता दहा पावलांवर आला आहे. निशाण पलीकडे पोहोचले की त्याचा पक्ष जिंकणार! इतक्यात एका बाणाचे मऊ बोंड त्याच्या पाठीला अलगद स्पर्श करून खाली पडते. ते कोणी पाहिले नाही. बाण सोडणारा तिरंदाजसुद्धा दुसऱ्याच कोणाशी लढण्यात गुंतला आहे. मुलगा क्षणभर थबकतो. पुढे पूल आहे, मागे त्याचे सोबती आशेने ओरडत आहेत. तो निशाण हलकेच खाली ठेवतो, "लागला!" असे मोठ्याने म्हणतो आणि गवतावर आडवा होतो. त्याचा पक्ष हरतो. सोबत्यांचे चेहरे उतरतात. पण खेळ संपल्यावर तोच तिरंदाज येऊन त्याला हात देऊन उठवितो. त्यानंतर जेव्हा जेव्हा तो मुलगा "हा वार मला लागला नाही" असे म्हणतो, तेव्हा तेव्हा कोणी त्याच्याशी वाद घालीत नाही.

त्याने लबाडी केली असती, तर काय झाले असते? एकाने वार नाकारला, की दुसऱ्याला वाटते, 'मग मीच का मानावा?' मग मारणारे चिडतात आणि समोरच्याला नाकारताच येऊ नये म्हणून अधिक जोराने मारू लागतात. मऊ तलवारही जोराने बसली तर इजा करते. अशा रीतीने एका लहानशा असत्यातून खेळाची मारामारी होते. ज्या खेळात हात आवरून मारावयाचे असते, त्या खेळात लागलेला वार मानणारा माणूस हवाच. एकाच्या प्रामाणिकपणावर दुसऱ्याची सुरक्षितता अवलंबून असते.

म्हणूनच ह्या खेळात प्रतिपक्षाचा गडी हा शत्रू नसून सोबती मानला जातो. कोणाला खरोखर दुखापत झाली, की उत्तरेकडील देशांत "कट" असा शब्द उच्चारतात. तो ऐकताच सरदार काय आणि राक्षस काय, सर्वांनी जागच्या जागी थांबावयाचे असते. समोरच्याचा जोर किंवा आवेश सोसवेनासा झाला, तर "ब्रेक" म्हणावयाचे, म्हणजे तो आपला आवेश आवरतो. ह्या देशांत 'हरण्यासाठी खेळा' असेही एक वचन रूढ आहे. त्याचा अर्थ मुद्दाम पडखाऊपणा करावा असा नव्हे. आपल्या पराभवाने कथा अधिक रंगत असेल, तर तो पराभव आनंदाने पत्करावा, असा त्याचा अर्थ आहे. राक्षसाचे सोंग घेणाऱ्याला एका दिवसात अनेकदा मरावे लागते. तरी प्रत्येक वेळी तो असा डरकाळी फोडून कोसळतो, की त्याला मारणाऱ्या लहान मुलाला आपण खरेच वीर झालो असे वाटावे. तो राक्षस प्रत्येक लढाई हरतो. पण त्याच्यावाचून कोणाला वीर होता आले असते?

संध्याकाळ होते. सोंगे उतरतात, तलवारी गोळा होतात आणि दिवसभर एकमेकांशी लढलेली मंडळी एकत्र बसून झालेल्या गमती सांगू लागतात. भूमिकेतला राग पोशाखाबरोबर उतरवून ठेवावयाचा असतो. त्या सोंगांच्या खेळात राजा खोटा असतो, तलवार खोटी असते, मरणही खोटे असते. खरा असतो तो फक्त खेळणाऱ्याने दिलेला शब्द. आणि सारा खेळ त्या एका खऱ्या गोष्टीवर उभा असतो.

अभ्यास

१. चोर-शिपाईच्या खेळात भांडण का होते?
२. वार लागला की नाही, हे ठरविण्याचे काम पंचावर का सोपविता येत नाही?
३. निशाण घेतलेल्या मुलाने काय गमावले व काय मिळविले?
४. 'हरण्यासाठी खेळा' ह्या वचनाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : हात आवरणे, चेहरा उतरणे, जागच्या जागी थांबणे.
६. कोणी पाहत नसतानाही खरे सांगावे लागते, असा तुमच्या खेळांतील एक प्रसंग दहा ओळींत लिहा.