सुगीच्या दिवसांतील गांधीलमाश्यांची पोळी

आश्विन आणि कार्तिकात कोकणात भाताची कापणी सुरू होते, आंबा-काजूच्या कलमांखालचे वाढलेले रान ग्रासकटरने साफ केले जाते, नारळ-सुपारीची पाडणी चालू असते आणि दिवाळीपूर्वी घराचे माळे, पडव्या व गोठे झाडून काढले जातात. नेमक्या याच काळात गांधीलमाश्यांची पोळी वर्षातील सर्वांत मोठ्या आकाराला पोहोचलेली असल्यामुळे माणूस आणि माशी यांची गाठ पडण्याचे प्रसंगही याच काळात वाढतात. बागायतदारांना या हंगामात धास्ती वाटते ती या पोळ्यांचीच.

उपायाआधी ओळख आवश्यक आहे, कारण अंगणात दिसणारी प्रत्येक लांब कमरेची माशी शत्रू नसते. भिंतीच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या चौकटीवर चिखलाची नळकांडी बांधणारी कुंभारीण एकटी राहते, कोळी पकडून आपल्या अळ्यांना घालते आणि चिमटीत धरल्याशिवाय सहसा डसत नाही. वळचणीला किंवा झुडपात देठावर उलटे टांगलेले, उघड्या घरांचे, राखाडी कागदासारखे छोटे पोळे करणाऱ्या सडपातळ माश्या समूहाने राहतात. त्या पिकांवरील अळ्यांची शिकार करतात आणि परसातील भाजीपाल्याला त्यांचा उपयोगच होतो. खरा धोका मोठ्या गांधीलमाशीचा, म्हणजे व्हेस्पा या प्रजातीतील माश्यांचा आहे. काळ्या शरीरावर पिवळा-नारिंगी ठळक पट्टा असलेली व्हेस्पा ट्रॉपिका आणि तांबूस-तपकिरी अंगावर पिवळ्या खुणा असलेली व्हेस्पा ओरिएंटॅलिस या त्यांतील दोन माश्या होत. वाळलेले लाकूड कुरतडून त्यात लाळ मिसळून केलेल्या लगद्याचे त्यांचे पोळे जमिनीतील बिळात, बांधाच्या गडग्यात, झाडाच्या ढोलीत किंवा पोकळ भिंतीत दडलेले असते, आणि म्हणूनच त्याच्यावर पाय किंवा यंत्र पडेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. उघड्या फांदीला किंवा उंच इमारतीला लोंबणारे आग्यामोहोळ हे मधमाश्यांचे असते. त्याला गांधीलमाश्यांचे पोळे समजून जाळणे हा परागीभवन करणाऱ्या उपयुक्त कीटकांचा नाश होय.

मोठी गांधीलमाशी घातक ठरण्याची कारणे तिच्या शरीररचनेत आहेत. नांगी हे अंडी घालण्याच्या अवयवाचे बदललेले रूप असल्याने केवळ मादीच डसते. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असल्यामुळे ती कातडीत अडकून राहते व मधमाशी मरते, परंतु गांधीलमाशीची नांगी जवळजवळ गुळगुळीत असल्याने एकच माशी अनेकदा डसू शकते. त्याशिवाय तिच्या विषात इशारागंध, म्हणजे इतर माश्यांना हल्ल्यासाठी चेतवणारी रसायने असतात. अंगावर चिरडलेली एक माशी उरलेल्या पोळ्याला त्याच जागी बोलावते. पोळ्याजवळची हादरणारी जमीन, गडद रंगाचे कपडे, झटक्याने हललेला हात आणि माणसाचा उच्छ्वास यांनीही त्या चवताळतात. ग्रासकटरच्या घरघरीत मजुराला माश्यांचा आवाज ऐकू येत नाही आणि पाते बिळाच्या तोंडावरून फिरेपर्यंत त्याला काहीच कळत नाही, ही या हंगामातील सर्वांत वाईट परिस्थिती आहे. त्यामुळे यंत्र चालू करण्यापूर्वी त्या तुकड्यावर उन्हाच्या वेळी काही मिनिटे स्थिर उभे राहून निरीक्षण करावे; एकाच जागेतून माश्या सतत ये-जा करताना दिसल्या, तर ती जागा दुरूनच काठी रोवून व फडके बांधून चिन्हांकित करावी आणि तिच्याभोवतीचे गवत तसेच सोडून द्यावे. चार पेंढ्या गवतासाठी मजुराचा जीव पणाला लावण्याची परवानगी कोणत्याही मालकाला नाही.

पोळे दिसताच रॉकेलचा डबा आणि पलिता घेऊन धावण्याची सवय मात्र वर्षानुवर्षे सांगूनही सुटत नाही, आणि तिचा निषेध येथे स्पष्ट शब्दांत करणे भाग आहे. ज्वाळेने पोळ्याच्या तोंडावरच्या माश्या जळतात, आतल्या बाहेर उसळतात आणि चरायला गेलेल्या परत येऊन सैरभैर हल्ला करतात. शिवाय हेच दिवस गवत, पेंढा आणि भाताच्या उडव्या सुकण्याचे असल्याने एका पोळ्यापायी गोठा पेटण्याची भीती असते. बिळात पेट्रोल किंवा रॉकेल ओतल्याने माती नासते, आणि विहीर जवळ असल्यास पाण्यालाही धोका पोहोचतो. दगड मारणे, पाइपने पाण्याचा फवारा सोडणे, बिळाचे तोंड आधीच चिखलाने बंद करणे, फटाके लावणे हे उपाय पोळे संपवत नाहीत, केवळ चेतवतात. शेतातील उरलेले कीटकनाशक अंदाजाने बादलीत कालवून उलट्या वाऱ्यात मारणे तर सर्वांत बेजबाबदारपणाचे होय. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, हे ठाऊक असूनही काही घरांत आजही उघड्या हातांनी, तोंडाला काही न बांधता, शिडीवर चढून अशी फवारणी केली जाते.

प्रत्यक्ष क्षेत्रावर आढळणारी प्रकरणे सहसा याच वळणाने जातात. एका नारळाच्या बागेत पाडेली झाडावर चढल्यानंतर शेंड्याजवळ पोळे असल्याचे लक्षात आले आणि खालच्या माणसांनी मदत म्हणून झावळीचा पेटता पलिता उंच धरला. धुराने बिथरलेल्या माश्यांनी पाडेल्यालाच घेरले आणि त्याला डंख सोसत दोर सोडून घसरत उतरावे लागले. पाडणीपूर्वी दुरून शेंड्याकडे नीट पाहिले असते, तर ते झाड त्या दिवशी वगळता आले असते. दुसऱ्या एका ठिकाणी माश्या पाठीमागे लागल्यावर तरुणाने विहिरीत उडी घेतली. पाण्यावर डोके काढताच माश्या पुन्हा तुटून पडल्या आणि त्याला दोराने बाहेर काढावे लागले. पाण्यात शिरणे हा बचाव नाही, बुडण्याचा धोका तेवढा त्यात वाढतो. हल्ला झाल्यास हात न झाडता, तोंड व डोळे कापडाने झाकून, शक्य तेवढ्या वेगाने दूर पळावे आणि बंद खोलीत किंवा वाहनात शिरून दार लावावे.

पोळे काढायचे की नाही, हा निर्णय जागेवरून घ्यावा. बांधाच्या टोकाला, वापरात नसलेल्या ढोलीत किंवा माणसांच्या वाटेपासून दूर असलेले पोळे खुणेने वेगळे करून तसेच राहू द्यावे. घराचे दार, पाणवठा, गोठा, शाळेची वाट यांजवळचे मोठे पोळे मात्र काढावे लागते, आणि ते काम संरक्षक पोशाख व अनुभव असलेल्या, कीटकनियंत्रणाचा परवाना असलेल्या व्यक्तीकडूनच करून घ्यावे. जेथे अशी सोय नाही, तेथे ग्रामपंचायतीमार्फत तालुक्याच्या ठिकाणाहून ती मागवावी. असे काम अंधार पडल्यावर, सर्व माश्या पोळ्यात परतल्यानंतर केले जाते. उजेडाकडे माश्या झेपावत असल्याने विजेरी हातात न धरता लाल कागद लावून बाजूला ठेवतात, पायरेथ्रॉइड गटातील, म्हणजे शेवंतीवर्गीय फुलांतील विषाच्या धर्तीवर कृत्रिमरीत्या बनवलेले, कीटकनाशक लेबलवरील मात्रेत तोंडाशी सोडतात आणि हालचाल पूर्ण थांबल्याची दिवसा खात्री पटल्यावरच बीळ बुजवतात. विषारी झालेले पोळे कोंबड्यांना अळ्या खाण्यासाठी टाकण्याची चूक करू नये, ते खोल पुरावे.

राणी मारली की पोळे उठते, हा समजही पुष्कळ ठिकाणी आढळतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या छोट्या समूहजीवी माशीवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. या माशीची राणी शांत स्वभावाची असते आणि ती नाहीशी झाल्यास कामकऱ्यांपैकी एक थोड्याच वेळात अत्यंत आक्रमक होऊन तिची जागा घेते, असे त्यातून दिसून आले आहे. मोठ्या गांधीलमाशीचे वर्तन यापेक्षा वेगळे असले, तरी चवताळलेल्या पोळ्यात राणी शोधण्याचा खटाटोप दोन्हींतही व्यर्थच होय.

ज्येष्ठ-आषाढात एकटी मादी पोळे बांधायला लागते, तेव्हा ते सुपारीएवढे असते. त्या वेळी गोठ्याच्या वळचणी, पंपघर आणि माळे यांची पाहणी केल्यास आश्विनातील ही धावपळ पुष्कळ टळते. पिकून पडलेले चिकू व पेरू, मासळीचे अवशेष आणि उघडी ठेवलेली ताडी यांकडे माश्या आकर्षित होतात, म्हणून ही घाण रोजच्या रोज उचलावी.

डंखावर लोखंड घासणे, चुना किंवा कांदा लावणे यांनी कातडीखाली गेलेले विष निघत नाही. जागा साबणाने धुऊन थंड पट्टी ठेवावी आणि सूज येण्यापूर्वी अंगठ्या व बांगड्या काढाव्यात. सर्वांगावर गांधी उठणे, ओठ व घसा सुजणे, श्वास अडणे, चक्कर किंवा उलटी ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे एका डंखानेही काही मिनिटांत दिसू शकतात. अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, रुग्णाला आडवे झोपवून, अजिबात न चालवता रुग्णालयात न्यावे, कारण तेथे मिळणारे ॲड्रेनलिनचे इंजेक्शनच जीव वाचवते. मात्र श्वास कोंडत असल्यास त्याला टेकून बसू द्यावे. सर्पदंशावर असते तसे प्रतिविष गांधीलमाशीच्या विषावर उपलब्ध नाही. ज्याला अनेक माश्या डसल्या आहेत, त्याला बरे वाटत असले तरी डॉक्टरांकडे न्यावे, कारण स्नायू व मूत्रपिंडांवरील विषाचा परिणाम काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकट होतो. लघवी कमी होणे किंवा तिचा रंग चहासारखा गडद होणे ही त्याची खूण असून ती दिसताच मूत्रपिंडांच्या उपचारांची सोय असलेले रुग्णालय गाठावे. ज्या मजुराला पूर्वी डंखामुळे गरगरले किंवा धाप लागली असेल, त्याची माहिती मुकादमाने कामाआधीच विचारून घ्यावी आणि त्याला ग्रासकटरच्या किंवा पाडणीच्या कामावर लावू नये.