पक्क्या चाकाचा हब : टिकाऊपणा ओळखायचा कसा?

वार्षिक अंकासाठी मी सायकलच्या हबवर लिहिणार आहे असे सांगितले तेव्हा वर्गातल्या मैत्रिणी हसल्या. कविता लिही, प्रवासवर्णन लिही, हब कसला लिहितेस? पण ज्या वस्तूवर माझे घर चालते तिच्याविषयी चार शब्द लिहिता येऊ नयेत, तर मग तर्कशास्त्राचे तास मी ऐकले कशासाठी? नव्या पेठेत मेकॅनिक चौकापासून जवळच एका बोळात माझ्या वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. आजोबांच्या वेळी गिरणी कामगारांच्या सायकली तिथे येत. गिरण्या बंद पडल्या, दुकान राहिले. अण्णा सातवीपर्यंत शिकले. महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच.

बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो, तसा सायकलच्या चाकाला हब. मधून आस जातो, दोन्ही बाजूंना कोन आणि कप, त्यांच्यामध्ये छर्रे. साध्या सायकलच्या मागच्या हबात एकेका बाजूला पाव इंची नऊ छर्रे, पुढच्यात ३/१६ इंची दहा. मागच्या हबच्या उजव्या अंगावर आटे असतात, त्यांवर फ्रीव्हील बसते. पाय थांबवले तरी चाक फिरत राहते आणि कर्र कर्र आवाज येतो, तो या फ्रीव्हीलचा.

पक्क्या चाकाच्या सायकलीत फ्रीव्हील नसते. दातेरी चकती थेट हबवर आवळलेली असते. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच, आणि पायांनी मागे जोर दिला की सायकल मंदावते. वेलोड्रोमवरच्या शर्यतीची सायकल अशीच असते. अलीकडे शहरातली काही मुले रस्त्यावरही ती चालवतात, तेही ब्रेक न लावता. हा आचरटपणा आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

या हबवर ताण किती येतो याचा मी हिशेब मांडून पाहिला. साठ किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर उभा राहिला आणि पुढचे चाक ४६ दात्यांचे असले, तर साखळीवर सुमारे ११० किलोची ओढ येते. साध्या हबला ही ओढ फक्त पुढच्या दिशेने सोसावी लागते आणि तिने फ्रीव्हील उलट घट्टच होत जाते. पक्क्या चाकात पाय मागे दाबले की तीच ओढ चकती उघडायला बघते. म्हणून खऱ्या पक्क्या हबला आट्यांची दुसरी, लहान पायरी असते आणि तिच्यावर डाव्या आट्यांचे लॉकरिंग बसते. चकती उघडू लागली की लॉकरिंग जास्तच आवळते. साध्या हबला ही पायरी नसते. त्यावर चकती बसवून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला अण्णा सरळ परत पाठवतात.

आता मुख्य प्रश्न. नामांकित कंपनीचा हब महाग, म्हणून मुले छोट्या कारखानदाराचा मागवतात. तो चांगला की वाईट, हे कसे ओळखावे? ‘माझ्या मित्राने घेतला, उत्तम चालला’ हे पहिले उत्तर. याला तर्कशास्त्रात साध्या गणनेवरचे विगमन म्हणतात आणि ते किती लंगडे असते हे सरांनी आम्हांला शिकवले आहे. मित्राने किती महिने चालवला, किती किलोमीटर, पावसात की उन्हात? महिनाभर तर कुठलाही हब चालतो. पण उलट बाजूनेही फसगत होते, हे मला दुकानात कळले. आमच्याकडे येतात ते बिघडलेलेच हब. जे नीट चालतात ते आमच्या दारात येतच नाहीत. त्यामुळे ‘या बनावटीचे चार हब फुटलेले पाहिले’ एवढ्यावरून काही ठरत नाही. एकूण किती विकले गेले ते कळल्याशिवाय चार या आकड्याला अर्थ नाही, आणि छोट्या कारखानदाराच्या बाबतीत नेमके तेच कळायला मार्ग नसतो.

जपानमध्ये या प्रश्नाची तड वेगळ्या रीतीने लावली आहे. तिथे १९४८ साली कोकुरा शहरात केइरिन नावाच्या पक्क्या चाकांच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांवर लोक पैसे लावतात, म्हणून सुटा भाग शर्यतीत मोडून चालत नाही. हब, चकती, साखळी, सगळ्यांवर मान्यतेचा एनजेएस असा शिक्का लागतो. कारखाना छोटा असला तरी शिक्का असला की गिऱ्हाइकाला विचार करावा लागत नाही. आपल्याकडे शिक्का नाही, तेव्हा डोळे आणि बोटे वापरायची.

कोनवर कानस फिरवून पाहावी. घसरली तर पोलाद कडक केलेले आहे, रुतली तर थोड्याच दिवसांत कोनला खड्डे पडणार. हबात बंद बेअरिंग असेल तर त्यावरचा आकडा वाचावा. ६००० किंवा ६००१ असा नेहमीचा आकडा असेल तर ते बाजारात मिळते, आणि बेअरिंग हा कारखानदाराच्या कसोटीचा भाग उरत नाही, कारण बहुधा ते त्याने विकतच आणलेले असते. मग त्याचे स्वतःचे काम उरते ते कवच, बेअरिंगची बैठक आणि आटे. आरे जिथे अडकतात त्या भोकांच्या कडेला नख फिरवावे, बारीक चीर नखाला लागते. आणि आटे मोजावेत. इंचाला चोवीस आटे, म्हणजे एक आटा साधारण एक मिलिमीटरचा. लॉकरिंगला धरायला तीनच आटे मिळत असतील तर तो हब परत करावा.

हे शेवटचे वाक्य मी अनुभवाने लिहिते आहे. गेल्या वर्षी ट्रॅकच्या शर्यतीची तयारी करणारा एक मुलगा कुरिअरने आलेला असा हब घेऊन दुकानात आला. अण्णांनी चाक बांधून दिले. चार महिन्यांनी लॉकरिंगचे आटे गेले, मुलगा पडला, मनगट मोडले. त्याचे वडील दुकानात येऊन म्हणाले, “बसवलं तुम्हीच ना?” अण्णा काही बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवलेही नाहीत.

तो हब मी मागून घेतला आणि परीक्षा चालू असताना तीन रात्री भिंग लावून पाहिला. कारखानदार दोषी ठरावा अशीच माझी इच्छा होती. आटे उथळ होतेच, आणि लॉकरिंगला जेमतेम तीन मिळत होते. पण चकतीच्या बाहेरच्या अंगावर एक चकचकीत वर्तुळ दिसले. लॉकरिंग तिथे पुन्हा पुन्हा आपटले होते. घट्ट आवळलेल्या लॉकरिंगचा असा ठसा उमटत नाही. म्हणजे दोघांत फट होती. फट कुठून आली? चकती पान्याने कितीही आवळली तरी सायकल चालवल्यावर ती आणखी आत सरकते. म्हणून थोडे अंतर चालवून लॉकरिंग पुन्हा आवळावे लागते. ते कोणी आवळले नव्हते. अण्णांनी पक्के चाक पहिल्यांदाच बांधले होते.

उथळ आटे नसते तर फट असूनही निभावले असते का? फट नसती तर उथळ आट्यांनी तग धरला असता का? व्यतिरेक पद्धती लावायची तर तसलाच दुसरा हब हवा, आणि तो आणायला पैसे नव्हते. मी अण्णांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. दुसरी सांगताना माझा आवाज खाली गेला. ते बराच वेळ वर्तुळावर अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, “हे आधी कळायला पाहिजे होतं गं.”

मुलाचे चाक त्यांनी दुसऱ्या हबवर मजुरी न घेता बांधून दिले. या हबला लॉकरिंगसाठी पाच आटे आहेत, मी मोजले. पन्नास किलोमीटर झाल्यावर परत ये, असे त्याला सांगितले होते. तो आला. लॉकरिंग पाव फेरा आत गेले.