घरगुती मशीनने पायांवर डाग पडले, काय करू?

प्रश्न : माझं वय २६, रंग सावळा. केस काढण्यासाठी आयपीएल हे प्रकाशझोताचं मशीन मागवलं. पायांवर चौकोनी तपकिरी डाग पडलेत आणि हनुवटीवर उलट केस वाढल्यासारखे वाटतात. वापर चालू ठेवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मशीन आजच बंद करा. त्याचा प्रकाश केसातलं मेलॅनिन शोषून घेतं आणि त्या उष्णतेने केसाचं मूळ दुखावतं. सावळ्या त्वचेच्या वरच्या थरातही मेलॅनिन भरपूर असल्याने त्वचाच भाजते. तुमचे डाग चौकोनी आहेत, कारण मशीनची काच चौकोनी असते. थोडा लालसरपणा एक-दोन दिवसांत जातो. फोड किंवा डाग मात्र दुष्परिणामच समजावा.

डाग फिकट व्हायला काही महिने लागतात. तोवर ऊन टाळा, एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन लावा. लिंबू, स्क्रब, ब्लीच नको. स्टेरॉइड असलेली गोरेपणाची क्रीम तर अजिबात नको.

अशा प्रकाशाने क्वचित केस वाढतात, विशेषतः सावळ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर. पाळी अनियमित असेल, तर पीसीओएस या हार्मोनच्या विकाराची तपासणी करून घ्या. मूळ कारण हार्मोनचं असेल, तर नुसते केस काढून भागत नाही.

सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित असतो. तो त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्या. तीळ, टॅटू यांवर किंवा गरोदरपणात घरगुती मशीन कुणीच वापरू नये.